लेखकांचा वकील

लेखक गेला, तरी त्याच्या घरी पुस्तकाची रॉयल्टी येत राहते. इंग्लंडमध्ये या हक्कासाठी झगडला तो थॉमस टॅलफर्ड. १७९५ मध्ये जन्मलेला हा वकील स्वतः नाटककारही होता. १८३७ मध्ये त्याने पार्लमेंटात कॉपीराइटचे विधेयक मांडले. डिकन्सने ‘पिकविक पेपर्स’ त्यालाच अर्पण केले. १८४२ मध्ये कायदा झाला. लेखकाच्या पश्चात निदान सात वर्षे हक्क वारसांकडे राहील, असे ठरले.

१८४४ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’ची नक्कल छापणाऱ्यांविरुद्ध तो डिकन्सतर्फे उभा राहिला. निकाल बाजूने लागला. पण नक्कलकारांनी दिवाळे काढले आणि खर्च डिकन्सच्याच माथी आला! १८४७ मध्ये त्याच धर्तीचा कायदा हिंदुस्थानातही झाला. १८५४ मध्ये न्यायासनावरून बोलता बोलताच टॅलफर्डने देह ठेवला. त्याने मिळवलेला हक्क मात्र मागे राहिला.