हेडमास्तर रामजी मालोजी सकपाळ

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. वारणानगरात आम्ही काही मंडळी त्या दिवशी अभिवादनासाठी एकत्र जमतो. एका वर्षी सभेत आम्ही मुलांना सहज विचारले, रामजीबाबा काय करीत होते? सात-आठ मुलांनी एका सुरात उत्तर दिले, सैनिक होते. एकाने भर घातली, बाबासाहेबांचे वडील होते. दोन्ही उत्तरे बरोबरच. परंतु चौदा वर्षे ज्या माणसाने हेडमास्तरकी केली, त्याला शिक्षक म्हणून एकाही मुलाने ओळखू नये, हा दोष मुलांचा नाही, आपला आहे. आपण त्यांना जयंतीच्या भाषणात पहिल्या दोन वाक्यांत आटोपतो आणि पुढे जातो.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्याचे आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. रामजीही लष्करात शिरले. भीमाबाई मुरबाडकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या, सुभेदार-मेजराच्या सुस्थितीतल्या घरातल्या. साध्या शिपायाला मुलगी द्यायला ते घर खुशीने तयार नव्हते. पुढे रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे रीतसर प्रशिक्षण घेतले, पदविका मिळवली आणि ते लष्करी शाळेत हेडमास्तर झाले. सुभेदार-मेजर ही त्यांची शेवटची पायरी.

आता इथे जरा थांबले पाहिजे. ज्या काळात गावच्या शाळेच्या उंबऱ्यावरही महाराचे पोर चढू शकत नव्हते, त्या काळात एक महार माणूस शाळेचा मुख्य होतो, हे घडले कसे? कोणाच्या दयेने नव्हे. लष्करात सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिक्षण सक्तीचे होते. सक्ती आली म्हणून शाळा आल्या, शाळा आल्या म्हणून शिक्षक लागले, आणि शिक्षक तयार करायला नॉर्मल स्कूल आले. छावणीच्या आत हा नियम चालत होता आणि छावणीच्या बाहेर मनूचा. आम्ही वकिलीत रोज पाहतो की कायद्यातले एखादे कलम माणसाचे आयुष्य उभे करते आणि एखादे मोडून टाकते. बाबासाहेबांनीही पुढे लिहून ठेवले आहे की अस्पृश्य समाजात जो पहिला शिकलेला वर्ग दिसतो, तो या लष्करी शाळांतून आला. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर याच लष्करी परंपरेतले. रामजीही त्यातलेच. क्रांतिबा फुल्यांविषयी त्यांच्या मनात मोठा आदर होता, आणि घरात कबीरपंथ.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमराव जन्मले. रामजी-भीमाबाईंचे हे चौदावे अपत्य. बरीच मुले लहानपणीच गेली होती. पुढच्या दोन-तीन वर्षांतच दोन गोष्टी झाल्या. रामजी निवृत्त झाले, आणि सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. एका हुकुमाने नोकरी गेली एवढेच नाही, तर तिच्याबरोबर शाळाही गेली. रामजी स्वतः पेन्शनीत निघाले होते, त्यांचे व्यक्तिशः काही बिघडत नव्हते. तरीही त्यांनी या बंदीविरुद्ध सरकारकडे दाद मागण्यात पुढाकार घेतला, आणि अर्जाचा मसुदा न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने तयार केला, असे चरित्रकार नोंदवतात. अर्ज फेटाळला गेला. तो दरवाजा पक्का उघडायला १९४१ सालची महार रेजिमेंट उजाडावी लागली, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत या हेडमास्तरांचा मुलगा अग्रभागी होता.

निवृत्तीनंतर दापोली, मग सातारा. साताऱ्यात त्यांना बांधकाम खात्यात कोठाराची नोकरी मिळाली. तिथेच भीमाबाई गेल्या. लहानग्या भिवाला आत्या मीराबाईंनी सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. मुलगा घरून गोणपाट घेऊन जायचा, वर्गात बाजूला अंथरून बसायचा आणि संध्याकाळी ते घरी घेऊन यायचा. छावणीतल्या शाळेत ज्या बापाने खुर्चीत बसून हजेरी घेतली, त्याने ते गोणपाट रोज पाहिले असेल. आम्हाला या माणसाच्या आयुष्यातला हा प्रसंग सगळ्यात जड वाटतो.

१९०१ साली रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावी रोखपाल होते. दुष्काळी कामावर तिथे तलाव खोदला जात होता. सुट्टीत मुले बापाला भेटायला निघाली, मसूर स्टेशनावर उतरली. येत असल्याचे पत्र मुलांनी धाडले होते, पण नोकराने ते रामजींना दिलेच नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवाल्याने दुप्पट भाडे घेतले आणि मुलांनाच गाडी हाकायला लावली. बरोबर अन्न होते, पण पाणी कोणी देईना, म्हणून रात्र उपाशी-तहानलेली गेली. नऊ वर्षांच्या भीमरावांच्या मनावर हा प्रसंग कायमचा कोरला गेला. आपण तो नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. सकाळी दारात ती पोरे पाहून बापाला काय वाटले, हे कोणी लिहिलेले नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले, परळच्या डबक चाळीत एका खोलीत. हेडमास्तरकी सरकारी कागदावर संपली होती, पण रामजींनी ती सोडली नव्हती. आता विद्यार्थी एकच होता. इंग्रजी आणि भाषांतराचा पाया त्यांनी घरीच पक्का करून घेतला. खोलीत दिवसा कल्लोळ, म्हणून मुलगा लवकर झोपे, म्हातारा रात्री दोनपर्यंत जागा राही, मुलाला उठवी आणि मग स्वतः आडवा होई. पुस्तक हवे म्हटले की पैसे असोत-नसोत, रामजी बाहेर पडत. लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन पैसे मागत, नाहीतर त्यांचा एखादा दागिना घेऊन गहाण टाकत, आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. त्या बहिणींचे ऋणही आपल्या भाषणांत कधी येत नाही.

मुलांनी रामायण-महाभारत वाचावे, असा त्यांचा आग्रह असे. मुलाने एकदा विचारलेच की ज्या ग्रंथांत शूद्रांची आणि अस्पृश्यांची निंदा आहे ते आम्ही का वाचायचे. द्रोण, कर्ण, वाल्मीकी कुठून कुठे पोचले ते पाहा, मनातला न्यूनगंड काढा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. मुलाचे समाधान झाले नाही. आमचेही होत नाही. पण मुलाने असा प्रश्न समोर उभे राहून विचारावा आणि बापाने तो ऐकून घ्यावा, असे ते घर होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कौतुकाची सभा भरवायचे ठरले तेव्हा मोडता घातला तो रामजींनीच. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, हे शिक्षकाचे भय. शेवटी केळुसकर गुरुजींनी त्यांचे मन वळवले, सभा झाली, आणि त्या सभेत गुरुजींनी मुलाच्या हाती आपण लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. १९५६ च्या नागपूरकडे जाणारी वाट शोधू लागलो तर ती या सभेपाशी येते.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर गेले. रामजींना ते पसंत नव्हते. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनावर उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजत होते. मुलाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, आणि संपले. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला पोचले, हे रामजींनी पाहिले नाही. मार्च १९२० मध्ये आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत छत्रपती शाहू महाराजांनी त्यांच्या मुलाला समाजाचा पुढारी म्हणून सर्वांसमोर उभे केले, तेही पाहिले नाही.

वारणेकाठच्या आमच्या भागात आजही गोरगरिबांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकतात. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा प्रस्ताव २०२३ साली राज्य सरकारने पुढे आणला. तेव्हा आम्हाला लष्करभरती बंदीचा तो हुकूम आठवला. तोही कागदावर शाळेबद्दल काहीच बोलत नव्हता.

१९२३ साली लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलनाचा, आकड्यांचा रुक्ष ग्रंथ. त्याच्या अर्पणपत्रिकेत आईवडिलांचे स्मरण आहे, आणि ते केले आहे आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलेल्या कष्टांबद्दल. पुढच्या २ फेब्रुवारीला आम्ही मुलांसमोर तेच पान वाचायला ठेवणार आहोत.