दामोदर हरी चापेकर

दामोदर हरी चापेकर (१८६९ – १८ एप्रिल १८९८) हे चिंचवडचे क्रांतिकारक होते. वडील हरी विनायक चापेकर कीर्तनकार असून दामोदर व त्यांचे धाकटे बंधू बाळकृष्ण आणि वासुदेव त्यांना कीर्तनात साथ करीत.

१८९७ च्या आरंभी पुण्यात गाठीच्या प्लेगची साथ पसरली. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याच्या आधारे (हाच कायदा मार्च २०२० मध्ये कोविडसाठी राज्यात लागू झाला) प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती व निर्जंतुकीकरणाची मोहीम चालविली. रोग्यास इस्पितळात आणि कुटुंबीयांस विलगीकरण छावणीत नेले जाई. मागे घराची जमीन उकरून जंतुनाशक ओतत, भिंतींना चुना लावीत, कपडे व अंथरुणे जाळीत. रोगजंतू जमिनीत व कपड्यांत टिकून राहतात, अशी तेव्हा समजूत होती. उंदरांवरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले. तेव्हा मोहिमेचा बराचसा रोख चुकीच्या जागी होता. लोकक्षोभ मात्र जंतुनाशकापेक्षा सैनिकांच्या वर्तनामुळे उसळला. देवघरात व स्वयंपाकघरात ते बुटांसह शिरत. स्त्रियांच्या तपासणीबद्दलही तक्रारी होत्या.

मोहीम मे महिन्यात थांबली. २२ जून १८९७ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, दामोदर व बाळकृष्ण यांनी गणेशखिंड मार्गावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच, तर रँड ३ जुलैस मरण पावले. दामोदर यांना येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. बाळकृष्ण व वासुदेव १८९९ मध्ये फासावर गेले. चिंचवडमधील चापेकर चौक या बंधूंच्या नावाने ओळखला जातो.