तरुण होण्यासाठी या डॉक्टरनं स्वतःलाच कुत्र्याच्या वृषणांचा अर्क टोचून घेतला होता

तारीख १ जून १८८९. पॅरिसमध्ये शास्त्रज्ञांची बैठक भरलेली. ७२ वर्षांचे एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले की, आपण स्वतःला कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतोय. थकवा गेला, उभं राहून काम जमतं, पोट साफ होतं. हाताचं बळ आणि लघवीची धार तर त्यांनी चक्क मोजून आणली होती.

या गड्याचं नाव शार्ल-एदुआर्द ब्राऊन-सेकार.

जन्म १८१७ चा, मॉरिशसच्या पोर्ट लुईतला. वडील अमेरिकन दर्यावर्दी, मुलगा जन्मायच्या आधीच गेले. आई फ्रेंच वंशाची. मुलानं आडनावात दोघांनाही ठेवलं.

स्वतःवर प्रयोग करायची खोड जुनीच. १८५४ मध्ये मॉरिशसला कॉलरा आला, तेव्हा अफूचं औषध लागू पडतं का हे बघायला त्यांनी रुग्णाची उलटी गिळली होती. पण माणूस येडा नव्हता. मज्जारज्जू एका बाजूनं कापला गेला तर काय होतं हे त्यांनीच दाखवलं. त्या बाजूची हालचाल जाते आणि दुसऱ्या बाजूचं दुखणं कळेनासं होतं. हे आजही मेडिकलची पोरं त्यांच्याच नावानं शिकतात. लंडन, हार्वर्ड करत ते १८७८ मध्ये पॅरिसला क्लोद बर्नारच्या खुर्चीवर बसले.

मग त्या इंजेक्शनांचं काय? टेस्टोस्टेरॉन पाण्यात जेमतेम विरघळतं आणि वृषणं त्याचा साठा करत नाहीत. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीनं अर्क बनवला, तर त्यात हार्मोन नावापुरतं निघालं. म्हणजे ती ताकद मनाची होती.

पण कल्पना खरी होती. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि ते कमी पडलं तर बाहेरून देता येतं. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी थायरॉईड बंद पडलेल्या ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क दिला. ती बाई पुढे २८ वर्षं जगली! कारण थायरॉईड आपलं हार्मोन साठवून ठेवतं.

हे आज सांगायचं कारण म्हणजे थकवा, वाढलेलं वजन, इच्छा नाही असं झालं की पुरुष थेट टेस्टोस्टेरॉनवर येतात. पण थायरॉईड मंदावलं तरी हेच होतं. वर टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन घटतं, त्यामुळे रिपोर्टमधला टेस्टोस्टेरॉनचा आकडाही खाली येतो. म्हणून सकाळी, दोन वेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासताना टीएसएच पण बघून घ्यावं. दोष थायरॉईडचा असेल तर थायरॉक्सिनच्या गोळीनं तो आकडा बऱ्याचदा आपोआप सुधारतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करतात. उलट गरज नसताना टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शुक्राणू बनणं थांबू शकतं, बाप व्हायचं असेल तर हे महागात पडतं.

ब्राऊन-सेकार १८९४ मध्ये पॅरिसला गेले. शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती लागलं १९३५ मध्ये, आम्सटरडॅमला. बैलांच्या सुमारे १०० किलो वृषणांमधून निघालं होतं साधारण १० मिलिग्रॅम.