घड्याळाच्या मोटरवर उमटलेला सूर
हॅमंड ऑर्गनचे जनक लॉरेन्स हॅमंड (१८९५-१९७३) हे मूळचे घड्याळांचे अभियंते. वाद्यवादन त्यांना अवगत नव्हते. जागतिक मंदीत घड्याळांचा धंदा बसला, तेव्हा तशाच एकसमान गतीच्या मोटरवर दातेरी चाके फिरवून त्यांनी विजेतून स्वर काढले. १९३५ मध्ये हा अमेरिकी ऑर्गन बाजारात आला. पुढे १९५०च्या दशकातील 'बी-३'मध्ये सुराच्या आरंभी टणत्कार देणारे 'पर्कशन' आले. पण ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या हार्मोनिकपुरतेच. शिवाय त्यासाठी प्रत्येक पट्टीखालचा नववा विद्युतसंपर्क उसना घेतल्याने सर्वांत तीव्र स्वर गमवावा लागे. काटकसर चतुर खरी, पण वादकांना ती जाचली. तंत्रज्ञांनी मग जोडणी बदलून तो स्वर परत मिळविला, टणत्कारासाठी इतर हार्मोनिकही खुले केले. हॅमंड यांच्या पश्चातही जुन्या वाद्यांवर हे बदल होत राहिले.