ज्यूल व्हर्न आणि वर्षाचे दोन खंड

विज्ञानकथा हे एकट्या प्रतिभेचे अपत्य होय, अशी आपली समजूत असते. ज्यूल व्हर्नचे चरित्र मात्र या समजुतीला छेद देणारे आहे. ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदरात एका वकिलाच्या घरी तो जन्मला. मुलाने आपला व्यवसाय पुढे चालवावा या हेतूने वडिलांनी त्याला पॅरिसला धाडले. त्याने कायद्याची पदवी मिळविली. वकिली केली नाही. नाटके लिहून निर्वाह होईना, तेव्हा लग्नानंतर तो शेअरबाजारात दलाली करू लागला. लेखन, बाजार आणि ग्रंथालयात बसून भूगोल, खगोल व यंत्रविद्येवर काढलेली टिपणे, हाच त्याचा दिनक्रम झाला.

१८६२ मध्ये त्याची गाठ एत्झेल या प्रकाशकाशी पडली. पुढील जानेवारीत बलूनमधून आफ्रिका ओलांडण्याची कादंबरी निघाली आणि खपली. १८६४ मध्ये एत्झेलने ज्ञान व रंजन यांची सांगड घालणारे मुलांचे नियतकालिक काढले आणि व्हर्नला करारात बांधून घेतले. आरंभी वर्षाला तीन खंड, १८७१ पासून दोन; मोबदला दरमहा ठरलेला. कथा आधी क्रमशः छापावयाची, मग साध्या पुस्तकरूपाने काढावयाची आणि अखेर नववर्षाच्या भेटीसाठी तिची सोनेरी बांधणीची सचित्र आवृत्ती करावयाची. एकच मजकूर असा निरनिराळ्या ऐपतीच्या घरांत पोहोचला. ‘असाधारण प्रवास’ या मालिकेत व्हर्नच्या हयातीत पन्नासाहून अधिक कादंबऱ्या निघाल्या.

या व्यवस्थेची किंमतही त्याने मोजली. सचित्र आवृत्त्यांचा नफा मुख्यतः प्रकाशकाकडे गेला. विसाव्या शतकातील पॅरिसचे उदास चित्र रेखाटणारी कादंबरी एत्झेलने नाकारली. ती उजेडात यावयास १९९४ साल उजाडले. पाणबुडीचा कप्तान नेमो हा मुळात रशियाविरुद्ध उठलेला पोलिश बंडखोर व्हावयाचा होता. रशियन बाजारपेठेवर नजर ठेवून प्रकाशकाने ते मोडून काढले. पुढे १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीत नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावातील योद्धा ठरला. १८८० च्या कादंबरीत तर प्रत्यक्ष नानासाहेब पेशवे अवतरले. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेल्या लेखकाने फ्रेंच मुलांना आपल्या स्वातंत्र्ययुद्धाची ओळख करून दिली, ती अशी.

मार्च १८८६ मध्ये पुतण्याने झाडलेल्या गोळीने व्हर्न कायमचा लंगडा झाला आणि त्याच महिन्यात एत्झेल वारला. तरीही लेखन थांबले नाही. १८८८ पासून तो आमियाँ शहराचा नगरसेवकही होता. २४ मार्च १९०५ रोजी तेथेच त्याचे निधन झाले.

मराठीत या मालिकेतील अनेक कथा भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी आणल्या. ‘फास्टर फेणे’च्या या जनकाने ‘चंद्रावर स्वारी’, ‘समुद्रसैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी पुस्तके मुलांच्या हाती दिली. मात्र प्रत्येक भाषेत असा एखादा ध्यासवेडा निपजेल, या भरवशावर बालवाङ्मय सोडून चालत नाही.

विटा-खानापूर भागातील मुलांना दूरदेशाचे कुतूहल शिकवावे लागत नाही. सोन्याचांदीच्या गलाईसाठी येथील माणसे भारतभर पसरली असून, परमुलखाच्या गोष्टी घरोघर ऐकू येतात. उणीव आहे ती वर्षाला दोन का होईना, पण न चुकता हाती पडणाऱ्या पुस्तकांची. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. त्यातील एक ठरावीक वाटा मुलांच्या विज्ञानमालांच्या आगाऊ वर्गणीसाठी राखून ठेवला, तर प्रकाशकाला खपाची आणि लेखकाला मोबदल्याची शाश्वती लाभेल. २०२८ मध्ये व्हर्नच्या जन्माला दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने भाषणे पुष्कळ होतील. त्यापेक्षा असा एखादा करार झाला, तर तो अधिक टिकाऊ ठरेल.