सूर्याचा हिशेब मांडणारा रँग्लर

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेले की माणसाला एक खोड जडते. समोर कितीही ऐश्वर्य दिसो, मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हे गृहस्थ व्याजावर जगताहेत की मुद्दल खाताहेत? सूर्याच्या बाबतीत हाच प्रश्न धसास लावणारा माणूस म्हणजे सर आर्थर एडिंग्टन. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण कादंबरीकाराला मोह पडावा असे हे आयुष्य आहे, आणि त्यात मला बोचणारी एक जागाही आहे.

२८ डिसेंबर १८८२ रोजी उत्तर इंग्लंडमधील केंडल गावी, एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. १८८४ मध्ये विषमज्वराने ते गेले आणि आईने मुलगा व मुलगी यांना ओढाताणीत वाढवले. शिष्यवृत्त्यांच्या बळावर मुलगा मँचेस्टरला आणि तेथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पोचला. १९०४ साली तो सीनियर रँग्लर झाला, तोही दुसऱ्याच वर्षी. असे आधी कोणाला साधले नव्हते. रँग्लर हा शब्द आपल्याला परका नाही. १८९९ मध्ये र. पु. परांजपे यांनी तो मान मिळवला आणि मराठी घरांत हा शब्द रुजला. १९१३ मध्ये एडिंग्टन प्राध्यापक झाले, पुढच्या वर्षी वेधशाळेचे संचालक. वेधशाळेतच आई आणि बहिणीसह राहिले. लग्न केले नाही. महायुद्धात धर्मश्रद्धेपोटी शस्त्र धरायला नकार दिला. १९१९ च्या सूर्यग्रहणाने आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला पुष्टी मिळाली आणि एडिंग्टन यांचे नाव सर्वतोमुखी झाले, ती कथा अनेकांना ठाऊक आहे.

मला मोठे वाटतात ते २४ ऑगस्ट १९२० रोजी कार्डिफच्या व्यासपीठावर उभे असलेले एडिंग्टन. तोवर मान्य असलेले मत केल्व्हिन यांचे होते: सूर्य स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्या आकसण्यातून उष्णता मिळते. म्हणजे मुद्दलच खाणे. पण ही ठेव दोन-चार कोटी वर्षांत संपते, आणि भूगर्भशास्त्रज्ञांना एकट्या पृथ्वीसाठीच त्याच्या कितीतरी पट काळ हवा होता. एडिंग्टन यांनी एक साक्षीदार आणला, वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी हा तारा. त्याचे तेज सव्वापाच-साडेपाच दिवसांच्या फेऱ्याने कमीजास्त होते. तारा आकसून जगत असता, तर हा फेरा वर्षागणिक स्पष्टपणे आखूड झाला असता. तसे होत नव्हते.

त्याच वर्षी अॅस्टन यांनी अणूंची काटेकोर वजने केली होती. हायड्रोजनचे चार अणू मिळून हीलियमच्या एका अणूहून किंचित जड भरतात. फरक शंभरात पाऊणच्या आसपास. खतावणीत एवढी तूट दिसली तर आम्ही रात्र जागवली असती! एडिंग्टन यांनी ओळखले, की ही तूटच ऊर्जा होऊन बाहेर पडत असावी. आज आपल्याला ठाऊक आहे, की सूर्यात दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजनचे हीलियम होते आणि चाळीस लाख टनांच्या घरात वस्तुमान प्रकाशरूपाने निघून जाते.

मग गुरुत्वाकर्षणाचे काम काय उरले? ते पैसा पुरवत नाही, पेढी चालवते. वरच्या थरांचा प्रचंड भार पेलायचा तर गाभ्यातला वायू तसाच तापलेला हवा. तेथे दीड कोटी अंश तापमान आहे. ज्वलन जरा वाढले की गाभा फुगतो, निवतो आणि वेग मंदावतो. मंदावले की भार पुन्हा दाबतो, तापवतो. म्हणून सूर्य फुटत नाही आणि विझतही नाही. पृथ्वीवर असा भार आणायचा कोठून? म्हणून गांधीनगरच्या ‘आदित्य’सारख्या यंत्रांत चुंबकांनी वायू कोंडावा लागतो, आणि वीज मिळवायची तर तो दहा कोटी अंशांच्याही वर तापवावा लागेल.

ताऱ्यांत एवढ्याने भागेल इतकी उष्णता नाही, असा तेव्हाच्या भौतिकतज्ज्ञांचा आक्षेप होता. एडिंग्टन हटले नाहीत. १९२८ मध्ये गॅमॉव्ह यांनी पुंज-सिद्धांतातून अणुकेंद्राच्या भिंतीपार जाणारी वाट दाखवली. १९३९ मध्ये बेथे यांनी सारी प्रक्रिया मांडली. एकटा माणूस बरोबर ठरला.

आणि मग ११ जानेवारी १९३५. चोवीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी लंडनच्या सभेत सांगितले, की इंधन संपले तरी गुरुत्वाकर्षण थांबत नाही. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड असलेला श्वेतखुजा तारा स्वतःला सावरू शकणार नाही. कित्येक महिने एडिंग्टन त्यांच्याशी या कामाविषयी बोलत होते. विरोधाचा शब्दही काढला नव्हता. त्या दिवशी मात्र भर सभेत उठून त्यांनी ते हास्यास्पद ठरवले. ज्या शक्तीवर त्यांनी सारे तारे उभे केले, तिचा शेवटचा हप्ता मात्र त्यांना मान्य नव्हता.

मी शाखाधिकारी असताना एका नव्या कारकुनाने माझ्या पत्रकातली चूक सर्वांसमोर दाखवली होती. मी विनोद केला, सारे हसले. तपासणीत तो बरोबर निघाला, तोवर त्याची बदली झाली होती. मी पत्र लिहिले नाही.

एडिंग्टन २२ नोव्हेंबर १९४४ रोजी गेले, मत न बदलता. चंद्रशेखर अमेरिकेत स्थिरावले आणि त्यांनी वेगळे विषय घेतले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी दोन व्याख्याने दिली आणि एडिंग्टन यांना त्यांच्या काळातील सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकतज्ज्ञ ठरवले. १९३५ च्या वादाचाही त्यांत उल्लेख आहे, पण जमाखर्चात तो त्यांनी एका बाजूला ठेवला आहे.