वीजनीतीचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर

दरवर्षी 14 एप्रिलला आपल्या वसतिगृहावर विजेच्या माळा चढतात. त्या चढविणारे हात बहुधा माजी विद्यार्थ्यांचेच असतात. कोणी वायरमन झालेला असतो, कोणी लाइनमन, कोणी अभियंता. त्या उजेडात महाडचे तळे, संविधान आणि दीक्षाभूमी यांवर भाषणे होतात. परंतु ज्या विजेने मंडप उजळलेला असतो, तिच्याशी बाबासाहेबांचा संबंध काय होता, हे त्या मंडपात क्वचितच सांगितले जाते. इतिहासाचे शिक्षक म्हणून या उणिवेचा दोष आम्ही आधी स्वतःकडे घेतो आणि त्यांच्या चरित्रातील हाच एक धागा येथे उलगडून ठेवतो.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला. सुभेदार रामजींचे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या एका चाळीत एका खोलीत राहू लागले. वडील रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवीत आणि भीमराव रॉकेलच्या दिव्यावर अभ्यासाला बसत. 1907 साली मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम धावू लागली. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव मॅट्रिक झाले, ते याच वर्षी. शहरात वीज आली होती. ती कोणापर्यंत पोहोचली, हा प्रश्न निराळा होता.

1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे भुयारी रेल्वेसुद्धा विजेवर धावत होती. 1915 साली त्यांनी एम. ए. पूर्ण केले आणि त्याच वर्षी खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मायदेशी परतल्यावर, 1918 साली, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. शेतीचे तुकडे हे दुखण्याचे बाह्य लक्षण आहे, मूळ दुखणे म्हणजे शेतीवर विसंबलेल्या माणसांचा अतिरिक्त भार. तो उतरवायचा तर देशात उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. आमच्या मते त्यांच्या वीजनीतीचे मूळ या निबंधात आहे. गावात ज्याच्या नावावर जमीन नाही आणि जातीमुळे ज्याला दुसरा धंदा करू दिला जात नाही, त्याची सुटका कारखान्याच्या वाटेने होऊ शकते, आणि कारखान्याला स्वस्त शक्ती लागते.

हा विचार अमलात आणण्याची संधी 24 वर्षांनी आली. जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य झाले. मजुरांच्या प्रश्नांबरोबर खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत गेले आणि मजुरांची स्थिती त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. पुढे खाणमजुरांच्या कल्याणासाठी निधी उभा राहिला. वीज ज्या कोळशातून निघते, तो कोळसा काढणाऱ्या माणसाचा विचारही त्याच खात्यात, त्याच टेबलावर होत होता.

त्या काळी वीजपुरवठा विस्कळीत होता. कंपन्या आपापल्या शहरापुरती वीज निर्माण करीत आणि जेथे नफा दिसे तेथेच तारा नेत. प्रत्येक केंद्राला बिघाडासाठी एक जादा यंत्र राखून ठेवावे लागे, त्याचा बोजा दरावर पडे. अशी केंद्रे तारांनी एकमेकांना जोडली, तर एकाची अडचण दुसरे निभावते, दिवसा गिरणीला लागणारी शक्ती रात्री दुसरीकडे वळविता येते आणि वीज स्वस्त होते. परंतु यासाठी प्रांतांच्या सीमा ओलांडून विचार करणारी यंत्रणा हवी होती.

युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या धोरण समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी 25 ऑक्टोबर 1943 रोजी हा विषय मांडला. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी, जबाबदारी केंद्राची असावी की प्रांतांची, आणि लोकांना ती सर्वांत कमी दरात कशी मिळेल, हे प्रश्न त्यांनी समितीपुढे ठेवले. त्यांचा स्वतःचा कल सरकारी मालकीकडे आणि केंद्रीय नियोजनाकडे होता. वीज हवी ती उद्योगांसाठी, आणि उद्योग हवेत ते दारिद्र्यातून माणसाची सुटका व्हावी म्हणून, अशी त्यांची मांडणी होती. या विचारमंथनातून 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. देशभरच्या वीजयोजनांची पाहणी करून त्यांची सांगड घालणे हे त्याचे काम होते.

याच सुमारास दामोदर नदीचा प्रश्न पुढे आला. जुलै 1943 च्या पुरात बंगालमधील रेल्वेमार्ग आणि मोठा रस्ता वाहून गेला होता. नदीचा उगम बिहारात, तर पूर बंगालात. एकट्या प्रांताला तो आवरणे शक्य नव्हते. 3 जानेवारी 1945 रोजी बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांच्या प्रतिनिधींना कलकत्त्यात एकत्र बसविले. केवळ बांध घालून थांबू नये, तर त्याच धरणांतून पूरनियंत्रण, सिंचन, जलवाहतूक आणि वीज अशी चारही कामे साधावीत, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्यात 1933 पासून असे काम चालू होते. तेथील अभियंता वुर्डुइन यांनी दामोदरचा प्राथमिक आराखडा तयार केला. 1945 सालीच जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयनासाठी केंद्रीय आयोग स्थापन होऊन त्याची धुरा डॉ. ए. एन. खोसला या भारतीय अभियंत्याकडे आली. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकच्या परिषदेत बाबासाहेबांनी महानदीबाबतही हीच दृष्टी मांडली. पाणी संकट मानून वाहून जाऊ देऊ नये, ते साठवून कामाला लावावे, हा तिचा गाभा होता.

1946 साली त्यांनी ते पद सोडले. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची वीजनिर्मिती क्षमता अवघी 1,362 मेगावॉट होती. 1948 साली दामोदर खोरे महामंडळ आणि विद्युत पुरवठा कायदा अस्तित्वात आला. त्या वेळी बांधकाम, खाण व वीजखात्याचे मंत्री काकासाहेब गाडगीळ होते आणि बाबासाहेब कायदामंत्री. राज्यांची वीज मंडळे या कायद्यातूनच उभी राहिली. संविधानात वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचीही जबाबदारी आहे.

येथे एक खंत नोंदविणे आम्हाला आवश्यक वाटते. 1951 साली मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी आपल्या निवेदनात नियोजन खात्याचा उल्लेख केला होता. श्रम आणि बांधकाम खात्यांत अनेक योजना आखल्याचा अनुभव गाठीशी असल्याने त्यांना प्रशासकीय खाते हवे होते. नियोजनाचे आश्वासनही मिळाले होते. प्रत्यक्षात ते खाते आले तेव्हा त्यांना वगळण्यात आले. दामोदर खोऱ्यातील पहिले धरण, तिलैया, 1953 साली कार्यान्वित झाले, तेव्हा ते सरकारबाहेर होते.

पुढच्याच वर्षी, 1954 साली, लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी ते आपल्या भंडाऱ्यात उभे राहिले. या जिल्ह्याच्या मातीत विजेची एक गोष्ट दडलेली आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारे मँगनीज बॅटरीचे सेल तयार करण्यासाठी वापरले जाते. अशा खाणींच्या आणि धानाच्या जिल्ह्याने वीजनीतीच्या शिल्पकाराला त्या निवडणुकीत पराभूत केले. ही गोष्ट आमच्या पिढीला वडीलधाऱ्यांनी मान खाली घालून सांगितली आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि 6 डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आमच्या लहानपणी गावात विजेचे खांब आले, तेव्हा तारा गावठाणात थांबल्या. बौद्ध मोहल्ल्यात त्या बऱ्याच उशिरा पोहोचल्या आणि तोवर आम्ही चिमणीच्या उजेडात पाढे पाठ केले. नफ्यावर किंवा गावकीच्या मर्जीवर सोडली तर वीज कोठे थांबते, हे आम्ही पुस्तकाआधी तेथे शिकलो. ती सार्वजनिक आणि स्वस्त असावी, हा बाबासाहेबांचा आग्रह म्हणूनच आम्हाला परका वाटत नाही.

ऑक्टोबर 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आणखी एक मागणी केली होती. कला आणि कायद्याच्या शिक्षणापेक्षा विज्ञान आणि तंत्रशिक्षण आपल्या मुलांना अधिक उपयोगी पडेल, परंतु त्याचा खर्च त्यांच्या पालकांना झेपणारा नाही, म्हणून सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. 1944 पासून शिष्यवृत्ती सुरू झाली. या संस्थेत शिकून ज्यांनी आयटीआय किंवा अभियांत्रिकीची वाट धरली, ते सर्व या मागणीचे वारस आहेत.

महाराष्ट्र शासनाने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात त्यांची ही कारकीर्द नोंदलेली आहे. तो खंड आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात शोभेसाठी राहू नये, दहावीच्या वर्गात उघडला जावा. राष्ट्राचा इतिहास त्या खंडात मिळेल, पण आपल्या मोहल्ल्यात पहिला दिवा कधी लागला, डीपी कोणी बसविली, खांबावर चढणारा आपला पहिला माणूस कोण होता, हे कोणत्याही खंडात नाही. ते वयोवृद्धांच्या आठवणीत आहे. माजी विद्यार्थी आणि पालक बंधू-भगिनींनी या आठवणी, जुनी बिले, जुने मीटर, जुन्या हत्यारांच्या पेट्या जपून ठेवाव्यात आणि लिहून काढाव्यात. तथागतांनी स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले. आपल्या घरात आलेल्या उजेडाचा हिशेब ठेवणे, हाही त्याचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो.